वेंडल स्टॉफरचं कोरं पिस्तूल

वेंडल स्टॉफरला नावांचं वावडं होतं. माणसांच्या नव्हे, वस्तूंवरच्या. घरात नवी वस्तू आली की चारचौघं ती आधी चालवून बघतात. वेंडल आधी चष्मा पुसून तिच्यावर कुणाचं नाव आहे ते शोधायचा, आणि सापडलं की ते कसं काढता येईल याच्या मागे लागायचा. पिकअप गाडी घेतली तेव्हा मागच्या फळीवर विकणाऱ्या दुकानदाराचं नाव चकचकीत अक्षरांत चिकटवलेलं होतं. वेंडलने दुकानाच्या आवारातच, बायकोचं केस वाळवायचं यंत्र आणि गळाची दोरी वापरून ते उचकटलं आणि आत जाऊन विक्रेत्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं. म्हणाला, "हे तुमचं माझ्या गाडीवर राहिलं होतं."

जाकिटावरचं भरतकाम तो उसवून घ्यायचा. फ्रीजवरच्या नावावर त्याने फ्रीजच्याच रंगाचा हात मारला होता. करवतीच्या पात्यावरचं नाव तर त्याने पॉलिश पेपरने असं घासलं की करवतीची धार गेली, पण नाव गेलं यातच त्याला समाधान. त्याची बायको मार्लीन शेजारणींना सांगायची, "या माणसाने आयुष्यात एकाच वस्तूवर नाव लावलंय, ते म्हणजे माझ्यावर. तेही पाद्रीबुवांनी दटावलं म्हणून."

मार्लीन गेली तेव्हा थडग्याचा दगड घडवणाऱ्याने वेंडलपुढे अक्षरांचे नमुने मांडले. वेंडलने त्यातलं सगळ्यांत बारीक निवडलं. इतकं बारीक अक्षर दगडावर उमटतं हे त्या दगडवाल्यालाही त्याच दिवशी कळलं असावं. त्यांची एकुलती एक मुलगी टेसा दगड बघून म्हणाली, "डॅड, आईचं नाव वाचायला गुडघे टेकावे लागतात."

"टेकावेत की," वेंडल म्हणाला. "आईच आहे ना?"

आता हा माणूस काही दुष्ट नव्हता. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या लिक हॉलो गावात, डोंगराच्या त्या घडीत, त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मिळाला नसता. उमेदीची सगळी वर्षं त्याने सरकारी गॅरेजात बर्फ ढकलणाऱ्या गाड्या दुरुस्त करण्यात घालवली. कुणाची चूल बिघडली, कुणाची बोट गळली, की वेंडल हजर. फक्त त्याला एक तत्त्व होतं, आणि तत्त्व असलेल्या माणसाशी संसार करणं म्हणजे घरात अस्वल पाळण्यासारखं असतं. अस्वल प्रेमळ असलं तरी जागा त्यालाच लागते.

आणि फ्रीज, करवत हे सगळं किरकोळ. त्याचा खरा राग होता तो पिस्तुलांवरच्या छापांवर.

लिक हॉलोत घरटी पिस्तूल असतं, जसा घरटी कुत्रा असतो. काही घरांत कुत्रा नसतो. पाद्रीबुवा प्रवचनात पुढे वाकले की त्यांच्या कोटाला मागे कुठे फुगवटा येतो हे पहिल्या बाकावरच्या बायकांना पाठ आहे. त्यामुळे पिस्तूल या विषयावर मत नसलेला माणूस तिथे एक तर आजारी असतो किंवा पाहुणा. ही मतं मांडायची जागा म्हणजे मर्ल कून्झचं दुकान. पुढे बंदुका, मागे गळ आणि आमिषं, आणि मधोमध लोखंडी शेगडीशेजारी एक टेबल. टेबलावर अशी कॉफी की तिच्यात इंजिनाचे भाग स्वच्छ झाले असते.

त्या टेबलाचा एक रिवाज होता. दुकानात नव्या बनावटीचं पिस्तूल आलं की मर्ल ते आधी टेबलावर आणायचा. रिकामं करायचं, वरची सरकती पोलादी पट्टी, म्हणजे स्लाइड, मागे ओढून अडकवायची, आणि मुठीकडून शेजारच्याच्या हातात द्यायचं. एकजण चापाबद्दल बोलायचा, एकजण नेम धरून बघायचा, चेट पाल्को मूठ चेपून बघायचा. चेट म्हणजे निवृत्त पोस्टमन. मूठ हातात बसते की नाही यापलीकडे त्याला काही कळत नाही असं बाकीचे म्हणत, आणि यापलीकडे कळण्यासारखं काही नसतंच असं चेट म्हणे. सगळ्यांत शेवटी पिस्तूल वेंडलकडे यायचं. तो बोलायचा ते फक्त पिस्तुलाच्या तोंडवळ्याबद्दल. आणि खरं सांगायचं तर बाकीचे लोक त्याचीच वाट बघत कॉफी गार करत बसलेले असत.

"काय रे हे?" वेंडल स्लाइड उजेडाकडे धरून म्हणायचा. "इकडून कंपनीचं नाव. तिकडून कंपनीचं नाव. मागे गावाचं नाव. मी काय पिस्तूल घ्यायला आलोय की जाहिरातीची फळी भाड्याने लावून घ्यायला?"

"अरे, चांगल्या कंपनीचं आहे," मर्ल म्हणायचा. "नाव नको का?"

"हवं ना. नखाएवढं. कारागीर असतो तो खाली कोपऱ्यात नाव घालतो, आणि दुकानदार असतो तो छपरावर घालतो. ज्याच्यावर रोखायचं तो काय वाचत बसणार आहे?"

एकदा एका पिस्तुलाच्या नळीवर कंपनीने बारीक अक्षरांत कोरून ठेवलं होतं, की वापरण्यापूर्वी माहितीपुस्तिका वाचावी. वेंडलने ते मोठ्याने वाचलं, पिस्तूल खाली ठेवलं आणि दाराकडे बघून अदबीने म्हणाला, "चोरसाहेब, जरा बसा. पुस्तिका कुठल्या ड्रॉवरात आहे ते बघून येतो." टेबल पंधरवडाभर त्यावर हसत होतं. एका पिस्तुलावर झेंडा, गरुड आणि राज्यघटनेतलं अख्खं वाक्य होतं, त्यावर तो म्हणाला, "मर्ल, हे विकू नकोस. शाळेच्या ग्रंथालयात जमा कर." चेट पाल्कोच्या डोक्यावर कायम एका बंदूक कंपनीची टोपी असायची. "अरे, फुकट मिळालीय," असं तो म्हणे. वेंडल म्हणायचा, "फुकट नाही बाबा. त्यांना तुझं डोकं फुकट मिळालंय."

तर असा हा लिक हॉलोचा छापनिरीक्षक. आणि परमेश्वराला विनोदाची आवड असल्यामुळे त्याची मुलगी चित्रकार निघाली.

टेसाला लहानपणापासून चित्रं काढायचा नाद. पिट्सबर्गला शिकली, मुरंब्यांच्या बाटल्यांवरची लेबलं काढली, कुणा दातांच्या डॉक्टरची पाटी काढली. मग कॅरोलायनात ग्रॅनफर्ड नावाच्या पिस्तुलांच्या कंपनीत तिला नोकरी लागली. काम काय, तर छाप, अक्षरं, खुणा, सगळं कागदावर आखायचं आणि यंत्रावर चढवायचं. वेंडलने ही बातमी टेबलावर सांगितली ती अशी: "पोरगी ग्रॅनफर्डमध्ये आहे. ऑफिसात." कुठल्या ऑफिसात, ते कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दर रविवारी चर्च सुटलं की तिचा फोन यायचा. वेंडलच्या आठवड्यात तो फोन आणि मर्लचं टेबल, एवढ्या दोनच गोष्टी उरल्या होत्या. त्यातलीही एकच निवड म्हटलं असतं तर त्याने फोन निवडला असता. पण हे त्याने कधी कुणाला, तिलासुद्धा, सांगितलं नव्हतं. सांगायची रीत नसते.

ऑगस्टात टेसा दिवसभर गाडी चालवत घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने एक खोकं ठेवलं. "उघड," म्हणाली.

आत ग्रॅनफर्डचं नवं पिस्तूल होतं. वेंडलने रीतसर उचललं, गोळ्यांचं मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढली, आत डोकावला आणि मग बघितलं. स्लाइडच्या अख्ख्या लांबीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ग्रॅनफर्ड. आणि मागे एडक्याचं डोकं, त्याची शिंगं अशी वळत गेलेली की एक शिंग पहिल्या अक्षरात शिरून त्याचाच भाग झालेलं.

"हे मी काढलंय," टेसा म्हणाली.

वेंडलने पिस्तूल उलटं करून दुसरी बाजू बघितली.

"शिंग आणि अक्षर जोडायचं जमत नव्हतं, डॅड. किती कागद फाडले. साहेब म्हणत होते लहानच ठेवू या, मागच्या कोपऱ्यात. मी म्हटलं, नाही, मोठं हवं. भांडले मी. पहिल्या खेपेतलं आहे हे, मी तुझ्यासाठी मागून घेतलं." मग जरा थांबून म्हणाली, "मला माहितीय तुला असलं आवडत नाही. पण खरं सांग. कसं आहे?"

वेंडलला तिथे मर्लचं टेबल असतं तर दहा वाक्यं सुचली असती. त्यातलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. "रेघ चांगली आहे," तो म्हणाला. ते खरंच होतं. रेघ चांगली होती. "वजनालाही बरं आहे."

"कमरेला लावशील?"

"लावीन ना. तू दिलंयस, लावणार नाही?"

टेसा हसली. तिच्या हसण्यात मार्लीन होती, त्यामुळे वेंडल उगाच उठून कॉफी ओतायला गेला.

ती गेली आणि पिस्तूल ड्रॉवरात गेलं. म्हणजे तसं ते रोज सकाळी बाहेर यायचं. वेंडल ते कमरेला लावायचा, आरशाशी जायचा, काढायचा, आणि आपलं जुनं, घासून गुळगुळीत झालेलं लावून मर्लकडे जायचा. लिक हॉलोत माणूस कमरेला काय लावतो यावर त्याची पत ठरते. आणि वेंडलची पत अशी की कुणीतरी "बघू रे काय आहे" म्हणणारच. टेबलाचा रिवाजच तो. एकदा का ते पिस्तूल टेबलावर फिरलं की बाकीचे बोलणार, चेट बोलणार, आणि शेवटी सगळे त्याच्याकडे बघणार. मग काय बोलायचं? छापाला नावं ठेवावीत तर ती पोरीला ठेवल्यासारखी. कौतुक करावं तर टेबलावरची माणसं ॲम्ब्युलन्स बोलावतील.

रविवारी फोनवर टेसा विचारायची, "लावतोस ना?"

"आहे ना, आहे," वेंडल म्हणायचा. हे उत्तर व्याकरणाने बरोबर होतं.

पण एक गोष्ट खरी, की त्याला ते लावायचंच होतं. पोरीने दिलेली वस्तू ड्रॉवरात पडून आहे, हे त्याला टोचत होतं. त्याच्या हिशोबी वस्तूचा मान एकच, ती अंगावर वागवायची. भिंतीवर टांगतात ती शोभा. रोज कमरेला असतं ते आपलं. आणि विचार करता करता त्याला वाट सापडली. अशी वाट फक्त वेंडल स्टॉफरलाच सापडू शकते. पिस्तूल पोरीने दिलंय. छाप कंपनीचा आहे. नोकरी करणाऱ्या पोरीला काय, साहेब सांगतील ते काढावं लागतं बिचारीला. (साहेब लहान म्हणत होते आणि पोरगी मोठं म्हणून भांडली, हे त्याने ऐकलं होतं. पण माणसाच्या कानाला दोन भोकं असतात आणि सोयीचं तेवढंच अडकतं.) तेव्हा कंपनीचं ते कंपनीला, पोरीचं ते आपल्याला.

एका मंगळवारी, टेबल रिकामं असताना, तो मर्लकडे गेला. मर्लची मागे एक कामाची खोली होती. घासणं, पॉलिश, पोलाद निळंकाळं करणं, सगळं तो तिथे करायचा.

मर्लने स्लाइड हातात घेतली. "अरे बाप रे. हे तू घेतलंस?"

"पोरीने दिलं."

"मग?"

"मग काय? घासून दे. दोन्ही बाजू. सपाट, कोरं. मग निळं कर, जुन्या पद्धतीने. चमक नको."

मर्लने छापावरून नख फिरवलं. "खोल नाहीय. निघेल. नंबराला मी हात लावणार नाही हां. तो गेला तर तू आणि मी एकाच कोठडीत, आणि तुझ्याबरोबर मी राहू शकत नाही."

"नंबर राहू दे. तो कायद्याचा आहे."

मर्ल अजून ते उलटसुलट करून बघत होता. "काही म्हण, शिंग झकास वळवलंय," तो म्हणाला. "कुणीतरी जीव ओतलाय."

इथे वेंडलला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. तो म्हणाला, "किती दिवस लागतील?"

"तिला विचारलंस का? पोरीला?"

"तिला दाखवीनच की. थँक्सगिव्हिंगच्या सणाला येतेय."

मर्ल कामात लबाडी करणारा माणूस नव्हता. पिस्तूल परत आलं तेव्हा वेंडलला ते हातातून खाली ठेववेना. स्लाइड दोन्ही बाजूंनी संध्याकाळच्या तळ्यासारखी, गर्द, शांत. कुठे रेघ नाही, अक्षर नाही. एका बाजूला खाली कायद्याचा नंबर, बस. त्याने ते कमरेला लावलं, आरशाकडे गेलाच नाही, सरळ टेबलावर गेला. आणि टेबलाने मान तुकवली. चेट पाल्कोने मूठ चेपली, मग आयुष्यात पहिल्यांदा स्लाइडकडे बघितलं आणि म्हणाला, "वेंडल, लेका, हे म्हणजे पिस्तूल. कुणी बनवलंय?"

"माझ्या पोरीने दिलंय," वेंडल म्हणाला, आणि त्याची छाती अशी फुगली की शर्टाच्या बटणांना घाम फुटला. त्या दिवसापासून एकही दिवस ते पिस्तूल त्याच्या कमरेवरून उतरलं नाही. रविवारी टेसाने विचारलं, "लावतोस ना?" तेव्हा तो जवळजवळ ओरडला, "रोज! अगं, रोज! सगळ्यांना दाखवलं! मर्ल, चेट, सगळे खूश!"

पलीकडून टेसा म्हणाली, "खरंच, डॅड? चेटसुद्धा?" तिचा आवाज असा झाला होता, लहानपणी शाळेतून बक्षीस घेऊन यायची तेव्हा व्हायचा तसा.

थँक्सगिव्हिंगला ती आली. वेंडलने टर्की भाजली होती, मार्लीनच्या घरच्या पद्धतीने शेजारी आंबवलेली कोबी, बटाटे, आणि चर्चमधल्या बायकांकडून आणलेली भोपळ्याची गोड पाई. टेसाने दुसऱ्या दिवसाची सुट्टी घेतली होती. शनिवारी हरणांचा हंगाम उघडत होता. ती आठवीत होती तेव्हापासून बाप-लेक पहिल्या दिवशी एकाच झाडाखाली बसत आले होते. तिचं शिकारीचं नारंगी जाकीट गाडीत होतं. जेवताना ती कंपनीबद्दल सांगत होती, भरभरून. लोक पत्रं पाठवतात, काहीजण छापाला शिव्या घालतात, एकाने लिहिलं की हे पिस्तूल आहे का बसचा थांबा. "मी हसले," ती म्हणाली. "मला वाटलं हा नक्की लिक हॉलोचा. पण ज्याचं मत मला हवं होतं ते मिळालंय, आता काय वाटेल ते लिहा म्हणावं."

वेंडलला हा क्षण यापेक्षा चांगला साधता आला नसता. त्याने फ्लॅनेलच्या शर्टाखाली हात घातला, पिस्तूल काढलं, रिकामं केलं, स्लाइड मागे ओढून अडकवली आणि पाईच्या ताटलीवरून मुठीकडून तिच्या हातात दिलं. रिवाजाप्रमाणे.

टेसाने ते घेतलं. एका बाजूने बघितलं. उलटं करून दुसऱ्या बाजूने बघितलं. पुन्हा पहिल्या बाजूने.

"हे कुठलं?" ती म्हणाली.

"कुठलं म्हणजे? तुझंच. नंबर बघ."

तिने नंबर बघितला. मग अंगठा स्लाइडवरून फिरवला, जिथून शिंग निघून अक्षरात शिरायचं तिथून. अंगठा नुसता घसरत गेला.

"मर्लने केलंय," वेंडल म्हणाला. तिची शांतता हा आनंदच आहे अशा समजुतीत तो होता, आणि ती समजूत तो सोडायला तयार नव्हता. "आता हातात बघ कसं बसतं. आता ते पिस्तूल झालंय. सगळं टेबल बघत राहिलं. चेट म्हणाला —"

"चेटला हे आवडलं?"

"मग!"

टेसाने पिस्तूल टेबलावर ठेवलं, पाईच्या शेजारी, अगदी हळू. "डॅड, ही नळी मी केलेली नाही," ती म्हणाली. "स्प्रिंग मी केलेली नाही. मूठ दुसऱ्याने केलीय. या अख्ख्या वस्तूत माझं तेवढंच होतं."

वेंडल म्हणाला, "अगं, तो कंपनीचा छाप —"

"मी सांगितलं होतं तुला. इथेच बसून."

"पण मला रोज लावायचं होतं ना! ड्रॉवरात पडलं होतं. तू दिलेलं, ड्रॉवरात! मला ते बघवेना."

"ड्रॉवरात चाललं असतं मला."

"पोरीने दिलेलं कुणी ड्रॉवरात ठेवतं?"

टेसाने त्याच्या कमरेकडे बोट केलं. तिथे होल्स्टर होतं, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, जाड चामड्याचं, मर्लच्याच दुकानातलं. "अरे, होल्स्टरमध्ये स्लाइड दिसते का? मूठ तेवढी वर असते. अख्खं नाव आत जातं. कुणाला दिसणार होतं, डॅड? कुणाला?"

वेंडलने कमरेकडे बघितलं. बर्फाच्या गाड्यांची इंजिनं डोळे मिटून उघडणाऱ्या या माणसाच्या ही गोष्ट, देवाशपथ, एकदाही डोक्यात आली नव्हती. आणि आता जे खरं होतं तेच त्याच्या तोंडून निघालं. तेवढ्यापुरतं खोटं बोलायची अक्कल त्याला कधी आलीच नव्हती.

"मला ठाऊक असतं ना," तो म्हणाला.

टेसाने मान हलवली, ऐकू आलं अशा अर्थी. रडली नाही, ओरडली नाही. "आपल्या घरात कशावर काही लिहिलेलंच नव्हतं," ती म्हणाली. "कशावरच. मी मित्रमैत्रिणींच्या घरी जायचे तर तिथे फ्रीजवर नाव असायचं आणि मला ते वाचत बसावंसं वाटायचं. आणि मग आईच्या दगडाशी मी गुडघे टेकून बसले. तेव्हाच ठरवलं, मी काढीन ते मोठं काढीन." मग ती उठली आणि ताटल्या उचलू लागली. "पाई झाकून ठेवू की घेतोस अजून?"

वेंडल तिच्या मागे मागे सिंकपाशी गेला. त्याला म्हणायचं होतं बरंच. "मर्लला विचारतो," तो म्हणाला. "परत कोरता येईल. यंत्र असतं."

"नको, डॅड. पोलाद तरी किती घासायचं?"

शुक्रवारी सकाळी तिने बॅग भरली. ऑफिसात काहीतरी निघालंय, म्हणाली. सुट्टी घेतलेली असताना ऑफिसात काय निघतं हे विचारण्याची हिंमत वेंडलला झाली नाही. तिने त्याला मिठी मारली, नेहमीसारखी; गाडीत उरलेली टर्की ठेवून घेतली, नेहमीसारखी. शनिवारी वेंडल एकटाच झाडाखाली बसला. दुपारी एक नर हरण समोरून गेलं, चांगलं शिंगाळ. वेंडल त्याच्या शिंगांकडे बघत राहिला आणि ते उतार चढून पलीकडे निघून गेलं.

टेबलावर चेटने विचारलं, "यंदा पोरगी नाही दिसली?"

"काम निघालं," वेंडल म्हणाला.

"मोठी झाली रे पोरगी," चेट म्हणाला, आणि त्याने कौतुकाने ते निळं पिस्तूल पुन्हा एकदा मागून घेतलं. टेबलावर त्या पिस्तुलाचं कौतुक हिवाळाभर चाललं. ते थांबवायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. म्हणून वेंडल ते काढायचा, मुठीकडून द्यायचा आणि शेगडीकडे बघत बसायचा.

रविवारचे फोन चालूच राहिले. टेसा तशी पोरगी नव्हती की फोन बंद करील. हवा विचारायची, गुडघा विचारायची, चर्चमधल्या बायकांची चौकशी करायची. "लावतोस ना?" एवढं मात्र तिने पुन्हा विचारलं नाही. वेंडल विचारायचा, "काय काढतेस सध्या?" ती म्हणायची, "असंच, काहीबाही."

एप्रिलमध्ये मर्लकडे ग्रॅनफर्डची नवी बनावट आली. पिस्तूल टेबलावर फिरलं. वेंडलपर्यंत पोचायच्या आधीच चेट ओरडला, "अरे, वेंडल! कंपनीने तुझं ऐकलं!" स्लाइड कोरी होती. मागच्या कोपऱ्यात, नखाएवढं, एडक्याचं डोकं. शिंगं जागच्या जागी दुमडलेली, अक्षराचा पत्ता नाही. सगळ्यांनी वेंडलच्या पाठीत थापा मारल्या. मर्लने त्याच्या कॉफीत, न विचारता, थोडी व्हिस्की घातली. वेंडलने ते पिस्तूल इतका वेळ उजेडाकडे धरलं की चेट म्हणाला, "काय, यातही खोट काढतोस?"

वेंडलने ते शेजारच्याला दिलं. त्याला वाटलं, तिने केलं असेल. आपल्यासाठी लहान केलं असेल. आणि ते तिने आपल्यासाठी केलं नसावं, अशी प्रार्थनाही त्याने तिथल्या तिथे केली.

रविवारी त्याने फोनवर धीर करून विचारलंच. "नवं पिस्तूल आलंय मर्लकडे. ते बारकं डोकं. तुझं का?"

"नाही रे," टेसा म्हणाली. "ते आता दुसरा एकजण करतो. मी पॅकिंगला गेले, हिवाळ्यातच. खोक्यांवर असते मी आता."

"खोक्यांवर? त्यांनी हलवलं तुला?"

"मीच मागून घेतलं. बरं आहे. खोकं काय, पिस्तूल काढलं की कुणी घासत बसत नाही."

ती हे चेष्टेने म्हणाली. वेंडलला निदान तसं वाटून घ्यायचं होतं. तो घाईघाईने म्हणाला, "बघितलं ना मी खोकं! मर्लकडे टेबलावरच होतं. सुरेख आहे. फार सुरेख."

मग टेसाने विचारलं, भांडणाचा सूर नव्हता, नुसतं विचारलं, "कुठला रंग आहे, डॅड?"

वेंडलने डोळे मिटले. मर्लचं टेबल दिसलं, शेगडी दिसली, पिस्तूल दिसलं, त्या बारक्या डोक्याची रेघन्‌रेघ दिसली. खोकं काही दिसेना.

"असू दे," टेसा म्हणाली. "तिकडे बर्फ वितळला का?"

"वितळला," वेंडल म्हणाला.